माणसाच्या मेंदूचा नकाशा उंदराच्या मेंदूवर ताणून बसवावा का?

मला तुमचा प्रश्न असा कळला: तुमच्याकडे सात सस्तन प्राण्यांच्या मेंदूंची एमआरआय चित्रं आहेत. छोटा उंदीर (माउस), रॅट, ससा, फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान मांसभक्षक), मांजर, मार्मोसेट (एक चिमुकलं माकड) आणि ऱ्हीसस माकड. सगळी मृत्यूनंतर, मेंदू फॉर्मॅलिनमध्ये टिकवून काढलेली. माणसाच्या मेंदूचा तयार अ‍ॅटलास संगणकाने या प्रत्येक मेंदूवर ताणून बसवायचा, प्रत्येक भागाचं घनफळ काढायचं आणि एकूण मेंदूच्या टक्केवारीत मांडायचं, असा बेत आहे. खास लक्ष प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या (कॉर्टेक्सच्या) पुढच्या भागावर, कारण त्यावरून 'कोणाची विचारक्षमता किती' याचा अंदाज घ्यायचा आहे. आणि विचारलं आहे एवढंच की ताणून बसवायला सर्वांत अचूक सॉफ्टवेअर कोणतं.

सॉफ्टवेअरचं उत्तर एका वाक्यात संपतं: आज जी चांगली साधनं वापरात आहेत त्यांपैकी कुठलंही चालेल, त्यांच्यातला फरक तुमच्या खऱ्या अडचणीपुढे नगण्य आहे. खरी अडचण अशी की दोन वेगळ्या प्राण्यांत 'तोच भाग' कशाला म्हणायचं हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते तुम्ही ठरवायचं असतं, तेही मोजमापाआधी. तुमच्या बेतात ती पायरीच नाही.

ताणून बसवण्याचं गणित आकारांवर चालतं. बाहेरची कड जुळव, उजळ-काळसर पट्टे जुळव, मधलं सगळं सुरळीत वाकव. गणिताला उत्तर 'नाही' असं देता येत नाही. माणसाच्या नकाशातला प्रत्येक भाग उंदराच्या मेंदूत कुठेतरी जाऊन पडणारच, तो तिथे असो वा नसो. एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला ओढूनताणून घातला तर गुंड्या लागतात, पण म्हणून खांदा खांद्यावर बसला असं होत नाही. पडद्यावर चित्र सुबक दिसतं, हाच त्यातला सगळ्यात मोठा धोका.

ठोस उदाहरणं देते, म्हणजे हा सैद्धांतिक आक्षेप वाटणार नाही.

माणसात, माकडात, मांजरात मेंदूच्या आत खोलवर कॉडेट आणि प्युटामेन हे दोन वेगळे गोळे दिसतात, कारण इंटर्नल कॅप्सूल नावाचा तंतूंचा जाड पट्टा त्यांच्यामधून जातो. उंदीर आणि रॅटमध्ये तेच तंतू सुट्या जुड्यांनी विखरून जातात, त्यामुळे मधली भिंतच तयार होत नाही. तिथे कॉडेट-प्युटामेन हा एकच सलग भाग आहे. माणसाचा अ‍ॅटलास बसवलात तर सॉफ्टवेअर त्या सलग भागातून एक रेघ ओढेल आणि 'उंदराच्या कॉडेटचं घनफळ' तीन दशांश स्थळांपर्यंत काढून देईल. त्या आकड्यामागे उंदरात काहीच नाही.

स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसचं उलट आहे. तो सगळ्या सस्तन प्राण्यांत आहे, ओळखायला सोपा आहे, पण त्याची जागा हलली आहे. उंदरात तो मोठ्या मेंदूच्या मागच्या-वरच्या बाजूने कमान करून खाली उतरतो. माकडात आणि माणसात तो बहुतेक सगळा टेंपोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाजवळच्या भागाच्या, पोटात गेला आहे. उंदरातला वरचा भाग माणसातल्या मागच्या भागाशी आणि उंदरातला खालचा भाग माणसातल्या पुढच्या भागाशी जुळतो. जागेवरून जुळवलंत तर हमखास चुकीचा तुकडा हाती येतो. शिवाय उंदराला माणसासारखा टेंपोरल लोब नाही, त्यामुळे नकाशातलं ते नाव तिथे कशावर तरी जबरदस्तीने चिकटणार.

आणि आता तुमचा आवडता भाग. माणसाच्या आणि माकडाच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा हिस्सा 'दाणेदार' आहे, म्हणजे त्यात चौथ्या थरातल्या बारीक पेशींची स्पष्ट पट्टी दिसते. उंदीर आणि रॅटच्या पुढच्या कॉर्टेक्समध्ये अशी पट्टी नाही. तिथे जी क्षेत्रं आहेत, म्हणजे अँटीरिअर सिंग्युलेट, प्रीलिंबिक, इन्फ्रालिंबिक, ऑर्बिटल, ती प्रायमेट्सच्या (माकडं, एप आणि माणूस यांच्या गटाच्या) मधल्या आणि खालच्या बाजूच्या, दाणेदार नसलेल्या क्षेत्रांशी जास्त जुळतात. रॅटला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आहे का, यावर अनेक दशकं वाद झाला आहे आणि तो पुष्कळसा व्याख्येचा वाद आहे. थॅलॅमस या मेंदूच्या मध्यातल्या भागाच्या मीडिओडॉर्सल केंद्रकातून (पेशींच्या एका पुंजक्यातून) तंतू येतात ते क्षेत्र म्हणजे प्रीफ्रंटल, अशी व्याख्या घेतली तर 'आहे'. दाणेदार थर हवा म्हटलं तर 'नाही'. म्हणजे तुमची टक्केवारी व्याख्येबरोबर बदलेल, मेंदू तोच राहून.

हे सगळं वाचून अ‍ॅटलास ताणणं वाईटच असं मनात घेऊ नका. एकाच जातीत ते उत्तम चालतं. ॲलन इन्स्टिट्यूटचा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला उंदराच्या मेंदूचा संदर्भ-नकाशा 1675 उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून, 10 मायक्रोमीटरच्या बारकाईने बनवला आहे. तुमचा उंदीर त्यावर बसवायला काहीच हरकत नाही. रॅट, मार्मोसेट आणि ऱ्हीसस यांच्यासाठीही स्वतंत्र नकाशे आहेत. प्रत्येक प्राण्याला त्याच्याच जातीचा नकाशा द्या. मग प्रश्न उरतो तो नकाशा-नकाशांमधल्या नावांची जुळणी कशी करायची एवढाच. तोच कठीण आहे, पण निदान योग्य जागी कठीण आहे. ससा आणि फेरेटसाठी साधनं तुटपुंजी आहेत. तिथे सीमा तुम्हालाच आखाव्या लागतील.

आता 'तोच भाग' कसा ठरवायचा.

तुलनात्मक शरीररचनेत दोन भाग 'समजात' म्हणतात ते दोघांच्या समान पूर्वजात तो भाग होता आणि तिथून दोघांकडे आला म्हणून. दिसायला सारखे किंवा काम सारखं, हे पुरेसं नाही. वटवाघळाचा पंख आणि पतंगाचा पंख दोन्ही उडवतात. पूर्वज तर हाताशी नाही, तेव्हा आपण पुरावे गोळा करतो आणि एकही पुरावा एकटा पुरत नाही. मी स्वतः चार गोष्टी बघते. शेजारी कोण आहेत, म्हणजे भाग कोणत्या ओळखीच्या भागांच्या मध्ये आहे. पेशींचे थर आणि तंतूंचं आवरण कसं आहे. तंतू कुठून येतात, कुठे जातात. आणि गर्भावस्थेत तो कुठून, कोणत्या जनुकांच्या खुणा घेऊन तयार होतो. यानंतर पाचवी कसोटी, जी नवखे लोक विसरतात: वंशवृक्षावर तो गुण कुठे-कुठे आढळतो. दोन दूरच्या फांद्यांवर आहे पण मधल्या कुणातच नाही, तर तो दोनदा स्वतंत्रपणे उपजला असण्याची शक्यता आधी तपासायची.

प्राथमिक दृष्टिक्षेत्र, ज्याला व्ही-1 म्हणतात, ते या सगळ्या कसोट्यांना उतरतं. ते कॉर्टेक्सच्या मागच्या टोकाकडे आहे, थॅलॅमसच्या लॅटरल जेनिक्युलेट केंद्रकाकडून तंतू घेतं, डोळ्यासमोरच्या जगाचा सुसूत्र नकाशा त्यात असतो, तंतूंचं आवरण दाट असतं. तुमच्या सातही प्राण्यांत ते शोधता येईल. प्राथमिक स्पर्शक्षेत्र आणि श्रवणक्षेत्राचंही बहुतेक तसंच. हे सस्तन प्राण्यांचं जुनं सामाईक भांडवल.

त्यापुढे गेलं की पाय घसरायला लागतात. प्रायमेट्समध्ये एमटी नावाचं एक दृष्टिक्षेत्र आहे, हालचाल ओळखणारं, तंतूंच्या आवरणाला रंग दिला (रंजन) की लख्ख गडद दिसणारं. जॉन ऑलमन आणि जॉन कास यांनी ते 1971 मध्ये आउल मंकीत दाखवलं आणि पुढे ते प्रायमेट्समध्ये सर्वत्र सापडत गेलं. मांजरातही हालचालीला प्रतिसाद देणारं एक क्षेत्र आहे. ते एमटीच का? काम सारखं आहे, पण समजात असल्याचा पुरावा वादग्रस्त आहे. मी माझ्या तक्त्यात ते एका ओळीत लिहीत नाही.

आणि काही वेळा ओळखीची खूणच नाहीशी होते. डॉल्फिनच्या कॉर्टेक्समध्ये चौथा थर जवळजवळ दिसतच नाही, तरी त्याला दृष्टिक्षेत्र आहे, श्रवणक्षेत्र आहे. 'चौथा थर जाड तिथे संवेदनाक्षेत्र' हा नियम घेऊन बसलात तर डॉल्फिनला डोळे-कान नाहीत असा निष्कर्ष निघेल! दातवाल्या देवमाशांत प्रौढपणी घ्राणकंदही (वासाची पहिली नोंद घेणारे भाग) नसतात. कॉर्पस कॅलोसम, म्हणजे दोन्ही अर्धगोलांना जोडणारा मोठा पूल, फक्त अपरावाल्या (प्लॅसेंटल) सस्तन प्राण्यांत आहे. कांगारू, ऑपॉसम, प्लॅटिपस यांच्यात तो नाही, त्यांची जोडणी मुख्यतः अँटीरिअर कमिशर नावाच्या दुसऱ्या पुलातून होते. अशा ठिकाणी 'घनफळ शून्य' लिहायचं की 'लागू नाही'? मी नेहमी 'लागू नाही' लिहिते. शून्य हा आकडा सरासरीत शिरतो आणि मग आलेखात काहीतरी भलतंच सांगतो.

'या प्राण्यात तो भाग नाहीच' अशी विधानं करताना तर दुप्पट जपून. रिचर्ड ओवेन यांनी 1857 मध्ये माणसाला इतर सगळ्या प्राण्यांपासून वेगळं काढताना ज्या खुणा दिल्या त्यात हिप्पोकॅम्पस मायनर नावाचा एक लहानसा उंचवटा होता. टॉमस हक्सली आणि इतरांनी एपच्या मेंदूंत तो दाखवून दिला आणि प्रकरण जाहीर भांडणापर्यंत गेलं. गंमत म्हणजे तो उंचवटा म्हणजे बाहेरची कॅल्कराइन खाच आत दाबली गेल्याचा परिणाम. एवढ्याशा गोष्टीवर माणसाचं वेगळेपण टांगलं होतं.

खाचांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या दुसऱ्या कल्पनेबद्दल. तुम्ही लिहिलं आहे की अ‍ॅटलास नीट बसला नाही तर वळ्या आणि खाचा खुणेसाठी वापरेन. एका जातीत, किंवा मॅकाक (ऱ्हीसस ज्यात मोडतं तो माकडांचा गट) आणि बबून यांच्यासारख्या जवळच्या नातेवाइकांत हे बऱ्यापैकी चालतं. दूरच्या प्राण्यांत नाही. वळ्या पडणं हे मेंदूचा आकार, कॉर्टेक्सची जाडी आणि वंश या तिन्हींवर अवलंबून असतं. बीव्हरचा मेंदू फेरेटच्या मेंदूपेक्षा कितीतरी मोठा, तरी जवळजवळ गुळगुळीत. फेरेटचा इवलासा, तरी वळ्यांनी भरलेला. मॅनॅटीचा मेंदू सुमारे 360 ग्रॅमचा असूनही त्यावर वळ्या फारशा नाहीत. मांजराच्या मेंदूवर पुढे क्रुशिएट खाच असते आणि तिच्याभोवती हालचालीचं क्षेत्र असतं, म्हणून तीच माणसाची सेंट्रल खाच असं पुष्कळ जण धरून चालतात. पण सेंट्रल खाच हालचालीचं क्षेत्र आणि स्पर्शक्षेत्र यांच्या सीमेवर असते. क्रुशिएट त्या सीमेवर नाही. मांसभक्षक आणि प्रायमेट यांच्या वळ्या बहुतांशी वेगवेगळ्या घडल्या.

एक अपवाद कामाचा आहे: ऱ्हायनल खाच. जुना घ्राण-कॉर्टेक्स आणि नवा कॉर्टेक्स यांच्या सीमेजवळ ती बहुतेक सस्तन प्राण्यांत सापडते, गुळगुळीत मेंदूतसुद्धा. प्रायमेट्समध्ये ती आखूड होते, तरी माग काढता येतो.

म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या फेरीत ठोकळ भागच घ्या. घ्राणकंद, हिप्पोकॅम्पस, नवा कॉर्टेक्स (राखाडी भाग), त्याखालचं पांढरं द्रव्य, स्ट्रायेटम (कॉडेट आणि प्युटामेन) एकत्र, थॅलॅमस, वरचे आणि खालचे कॉलिक्युलस (मध्यमेंदूवरचे उंचवटे, वरचे नजरेचे, खालचे श्रवणाचे), लहान मेंदू (सेरेबेलम), उरलेला मस्तिष्कस्तंभ. हे सातही मेंदूंत निर्विवाद आखता येतात आणि एमआरआयवर दिसतातही. कॉर्टेक्सच्या आत फक्त व्ही-1 वेगळं काढायचा प्रयत्न करा, तोही जिथे दिसेल तिथेच. प्रायमेट्समध्ये व्ही-1 मधली पांढरी रेघ चांगल्या चित्रात ओळखू येते. सशात एमआरआयवरून व्ही-1 ची कड ठरवणं म्हणजे अंदाजपंचे, तिथे पेशी आणि आवरण दाखवणारे रंजित (रंग दिलेले) पातळ काप लागतील. विस्कॉन्सिन आणि मिशिगन स्टेट या विद्यापीठांच्या जुन्या तुलनात्मक संग्रहातले अनेक जातींचे काप चित्ररूपात खुले आहेत. चित्राशेजारी काप ठेवून सीमा ठरवायची सवय लावा. मी नव्या प्राण्याला हात घालते तेव्हा आधी फक्त काप बघते, मोजपट्टी खूप नंतर येते.

सीमा आखताना दुसऱ्या कुणाकडून काही मेंदूंवर त्या परत आखून घ्या, तुमच्या रेघा न दाखवता. दोघांच्या आकड्यांतला फरक हा तुमच्या पद्धतीचा खरा अचूकपणा. सॉफ्टवेअर दाखवतं तो जुळणीचा गुणांक तो नव्हे.

आकड्यांआधी नमुन्यांची चौकशी. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मला इतरांच्या तक्त्यांत सापडणाऱ्या विचित्र फरकांचं मूळ बहुधा इथेच असतं. मेंदू कवटीतून काढताना उंदीर आणि सशाचा पॅराफ्लॉक्युलस, म्हणजे लहान मेंदूचा हाडाच्या खोबणीत अडकलेला तुकडा, तिथेच तुटून राहतो. घ्राणकंदही तुटतात. मग 'सशाचा लहान मेंदू लहान' असं वाचायला मिळतं. कवटीसकट चित्र घेतलेलं असेल तर ही भीती नाही. मज्जारज्जू कुठे तोडला, पोकळ्या धरल्या की वगळल्या, हे सातही मेंदूंत एकसारखं हवं. फॉर्मॅलिनमध्ये किती काळ होता ते विचारा, कारण आकारमान त्याप्रमाणे बदलतं. कापांचे आकडे आणि चित्रांचे आकडे तर सरळ एकत्र करूच नका. काप काढण्यासाठी पॅराफिन मेणात बसवताना मेंदू कधी कधी जवळजवळ निम्म्यापर्यंत आकसतो. ताज्या मेंदूचं वजन नोंदलेलं असेल तर ते 1.036 ने भागून मूळ घनफळ काढता येतं आणि त्या प्रमाणात दुरुस्ती करता येते. वजन नसेल तर दुरुस्तीही नाही.

प्राणी कुठून आला हेही महत्त्वाचं. पाळीव डुकराचा मेंदू, शरीराचा आकार विचारात घेऊन, रानडुकरापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने लहान भरतो. तुमचं मांजर, फेरेट, ससा हे पाळीव वंशातले असतील तर ते आपापल्या रानटी नातेवाइकांचे प्रतिनिधी नाहीत, असं स्पष्ट लिहा. कॉमन श्रू या चिमुकल्या प्राण्याची तर कवटीच हिवाळ्यात साधारण 15 टक्के आकसते आणि वसंतात बरीचशी परत वाढते. मेंदूही त्याबरोबर. म्हणजे त्याच्या बाबतीत महिना लिहिला नाही तर आकडा अर्धवट. तुमच्या यादीत तो नाही हे बरंच. शिवाय प्रत्येक जातीचा एकच मेंदू असेल तर हेही लक्षात ठेवा की माणसा-माणसांत व्ही-1 चं क्षेत्रफळ दोन ते तीन पटींनी वेगळं निघतं. एका नमुन्यावरून जातीबद्दल बोलताना आवाज खालचाच हवा.

चित्राचा बारीकपणा सगळ्यांना सारखा ठेवणं न्याय्य वाटतं, पण तसं नाही. उंदराचा कॉर्टेक्स साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाड, माकडाचा त्याच्या दुप्पट. 200 मायक्रोमीटरच्या चित्रात उंदराच्या कॉर्टेक्समध्ये पाचच ठिपके बसतात आणि कडेचे दोन धूसर. आकाराने लहान असलेल्या प्राण्याच्या मेंदूला बारीक चित्र द्या.

आता टक्केवारी. इथे मी तुमच्याशी सरळ असहमत आहे.

टक्केवारीत छेद हलतो. लहान मेंदू वाढला तरी कॉर्टेक्सची टक्केवारी घसरते, कॉर्टेक्सला काही झालेलं नसताना. त्यात भर म्हणजे मेंदूचे भाग आकाराबरोबर एकसमान वाढत नाहीत. केचेन झँग आणि टेरेन्स सेनॉव्स्की यांनी 2000 मध्ये दाखवलं की कॉर्टेक्समधलं पांढरं द्रव्य राखाडी द्रव्याच्या सुमारे 1.23 व्या घाताने वाढतं. म्हणजे मेंदू मोठा झाला की पांढऱ्याचा वाटा आपोआप वाढतो आणि राखाडीचा आपोआप घटतो. त्यात बुद्धीचा संबंध नाही, दूरच्या पेशी जोडायला जास्त तार लागते एवढंच. सस्तन प्राण्यांत सगळ्यात लहान मेंदू एट्रुस्कन श्रूचा, सुमारे 0.06 ग्रॅम, सगळ्यात मोठा स्पर्म व्हेलचा, 8 किलोच्या आसपास. एक लाखाहून जास्त पटींचा हा पल्ला. एवढ्या पल्ल्यावर साधी टक्केवारी काही सांगत नाही. दोन्ही अक्षांवर लॉग घ्या, भागाचं घनफळ उरलेल्या मेंदूच्या घनफळासमोर मांडा (एकूण मेंदूसमोर नको, नाहीतर भाग स्वतःशीच जुळेल), आणि मग बघा कोण रेषेच्या वर आहे, कोण खाली. बोलायचं ते या अंतरांबद्दल.

हाइन्झ स्टीफन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये 76 जातींच्या मेंदूभागांची घनफळं प्रसिद्ध केली. तशा आकड्यांवरून 1995 मध्ये बार्बरा फिनले आणि रिचर्ड डार्लिंग्टन यांनी 131 जातींबाबत मांडलं की बहुतेक भाग एकूण आकाराबरोबर ठरावीक प्रमाणात हलतात, घ्राणकंद तेवढा फटकून वागतो. 2000 मध्ये रॉबर्ट बार्टन आणि पॉल हार्वी यांनी उलट बाजू दाखवली: एकमेकांशी कामाने जोडलेले भाग मिळून, बाकीच्यांपासून स्वतंत्रपणे बदलू शकतात. माझ्या मते दोन्ही खरं आहे. रेषा पहिल्यांची, रेषेपासूनचं अंतर दुसऱ्यांचं. अंतरं कधी डोळे दिपवणारी असतात. खारीचा वरचा कॉलिक्युलस तेवढ्याच वजनाच्या रॅटच्या मानाने प्रचंड आहे, कारण ती दिवसा, नजरेच्या भरवशावर झाडावर धावते. स्टार-नोज्ड मोलच्या नाकावर 22 मांसल बोटं असतात आणि कॉर्टेक्समध्ये प्रत्येकाचा वेगळा पट्टा दिसतो. त्यातलं अकराव्या जोडीचं बोट सगळ्यात लहानांपैकी, पण स्पर्शक्षेत्रात त्याचा वाटा सगळ्यात मोठा. नेकेड मोल रॅटच्या स्पर्शक्षेत्राचा सुमारे तिसरा हिस्सा पुढच्या दातांना दिलेला आहे. अशा ठिकाणी घनफळाला अर्थ येतो, कारण शेजारी प्राण्याची जगण्याची रीत उभी आहे.

'विचारक्षमता' हा शब्द मात्र तुमच्या बेतातून काढाच. घनफळ आणि पेशींची संख्या यांचं नातंसुद्धा वंशागणिक बदलतं. कॅपिबाराचा मेंदू सुमारे 76 ग्रॅमचा, ऱ्हीससचा 87 ग्रॅमच्या आसपास. पण न्यूरॉन कॅपिबारात 1.6 अब्ज, ऱ्हीससमध्ये 6.4 अब्ज. हे आकडे सुझाना हर्कुलानो-हूझेल यांच्या गटाच्या पद्धतीचे: ऊतक विरघळवून पेशींच्या आतल्या केंद्रकांचं एकजीव मिश्रण करायचं आणि ती मोजायची. त्याच पद्धतीने माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज न्यूरॉन निघाले, त्यांतले 16 अब्ज मोठ्या मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये. वजनाने कॉर्टेक्स (पांढऱ्या द्रव्यासह) सुमारे 82 टक्के, न्यूरॉननी 19 टक्के. आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत 257 अब्ज न्यूरॉन, म्हणजे माणसाच्या तिप्पट, पण त्यांतले सुमारे 98 टक्के लहान मेंदूत, कॉर्टेक्समध्ये 5.6 अब्जच. तुमच्या एमआरआयमध्ये यातलं काहीच दिसत नाही. उंदराचा आणि मार्मोसेटचा एक घनमिलिमीटर कॉर्टेक्स म्हणजे तेवढ्याच पेशी नव्हेत.

शरीराच्या वजनाशी तुलना करणारा, हॅरी जेरिसन यांच्या 1973 च्या मांडणीने गाजलेला एन्सेफलायझेशन भागफलही मी टाळते. त्यात कापुचिन माकड गोरिलाच्या पुढे जातं. आणि पिंजऱ्यातला प्राणी जाड झाला की त्याचा भागफल घटतो, मेंदू तसाच असताना!

राहिली सांख्यिकी. तुमचे सात प्राणी म्हणजे सात स्वतंत्र नोंदी नव्हेत. उंदीर, रॅट, ससा एका मोठ्या फांदीवर. फेरेट, मांजर दुसरीवर. मार्मोसेट, ऱ्हीसस तिसरीवर. उंदीर आणि रॅट एकमेकांसारखे आहेत यात नवल काय? ते चुलत भाऊच. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी 1985 मध्ये हे गणिताने मांडलं आणि तेव्हापासून वंशवृक्ष लक्षात न घेता जातींवर रेषा बसवणं खपत नाही. एक गोष्ट सहसा लोकांना चकवते: वंशवृक्षावर उंदीर हा मांजरापेक्षा माणसाला जवळचा आहे. 'उंदीर, मांजर, माकड, माणूस' अशी चढती शिडी तुमच्या आलेखाच्या आडव्या अक्षावर असेल तर ती पुसा. मेंदूचा आकार त्या क्रमाने वाढतो म्हणून शिडी खरी वाटते.

सात जातींवर उताराची चाचणी करण्यापेक्षा मी वर्णनात्मक तुलना करेन आणि शक्य असेल तर जाती वाढवेन. निदान एक ऑपॉसम घ्या, म्हणजे अपरावाल्यांच्या बाहेरचा संदर्भ मिळेल, आणि एखादा टेनरेक किंवा हत्ती-श्रू, म्हणजे आफ्रिकी फांदी रिकामी राहणार नाही. यानिव्ह असाफ यांच्या गटाने 2020 मध्ये 123 सस्तन जातींच्या मेंदूंच्या एमआरआयवरून तंतूजोडणीची तुलना केली, तेव्हा मोठ्या संख्येचं काम अशक्य नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तंतूंची दिशा दाखवणारी चित्रं असतील तर आणखी एक वाट आहे. जागेऐवजी जोडणीवरून तुलना करायची: प्रत्येक ठिकाण कोणत्या ओळखीच्या तंतूमार्गांशी किती जोडलं आहे याची छाप काढायची आणि छापा जुळवायच्या. रॉजियर मार्स यांच्या गटाने माणूस आणि मॅकाक यांच्यात हे करून दाखवलं आहे. पण त्यालाही आधी तंतूमार्ग समजात असल्याचं मान्य करावं लागतं, म्हणजे प्रश्न एक मजला खाली सरकतो, सुटत नाही. नुसती साधी चित्रं असतील तर वर सांगितलेल्या ठोकळ भागांवर थांबा. रंजित काप मिळणार असतील तरच कॉर्टेक्सची क्षेत्रं. आणि हातात फक्त काही आठवडे असतील तर सातांचा हव्यास सोडून मार्मोसेट आणि ऱ्हीसस हीच जोडी घ्या. दोघांनाही चांगले नकाशे आहेत, व्ही-1 आणि एमटी दोन्हींत ओळखता येतात, दाणेदार प्रीफ्रंटल दोन्हींत आहे. एक जवळजवळ गुळगुळीत आठ ग्रॅमचा मेंदू आणि एक वळ्यांचा, त्याच्या दहापट. तुमचा मूळ प्रश्न या जोडीत प्रामाणिकपणे विचारता येतो.

तक्ता करताना प्रत्येक आकड्याशेजारी तीन रकाने ठेवा: सीमा कशावरून ठरवली (काप, चित्र की ताणलेला नकाशा), समजात असल्याची खात्री किती (पक्की, संभाव्य, वादग्रस्त), आणि नमुना कसा टिकवला. कॉर्बिनियन ब्रॉडमन यांनी 1909 मध्ये जेव्हा कॉर्टेक्सला क्रमांक दिले तेव्हा ते अनेक सस्तन प्राण्यांची तुलना करूनच दिले होते, म्हणून तर माणसाच्या नकाशात मधले काही क्रमांक गायब आहेत. पण आकडा सारखा म्हणून क्षेत्र सारखंच, असं आज कुणी मानत नाही. तुमच्या तक्त्यातही 'क्षेत्र 10' असं लिहिलंत तर कोणाच्या नकाशातलं ते सोबत लिहा.

प्रीफ्रंटलचं वाक्य मी असं लिहीन: 'दाणेदार प्रीफ्रंटल कॉर्टेक्स फक्त मार्मोसेट आणि ऱ्हीससमध्ये आखला; फेरेट व मांजरात त्याची सीमा या चित्रांवरून ठरवता आली नाही; उंदीर, रॅट व सशाला ही व्याख्या लागू केली नाही.' परीक्षक यावर प्रश्न विचारतील. त्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असतील.